बाटली भरली म्हणून आंबा वाचला असं होत नाही

परवा दादाने गावाहून फोटो पाठवला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, राजापूर तालुक्यात आमची सामाईक चाळीसेक कलमं आहेत ती तोच बघतो, मी पुण्यात बसून पेटीची वाट बघायचं काम करतो. फोटोत फळमाशीचा सापळा होता, प्लॅस्टिकचा डबा आणि तळाला दोन बोटं जाडीचा मेलेल्या माश्यांचा थर, खाली लिहिलेलं "बघ, एका डब्यात एवढ्या, यंदा माशीची खैर नाय". मी अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा झालो. चार दिवसांनी त्याचाच फोन, की शेवटच्या तोडणीचा माल अढीत घातला होता त्यातला दर चौथा-पाचवा आंबा कापल्यावर आतून वळवळतोय. "अरे मारल्या एवढ्या, मग ह्या आल्या खयसून?"

हा प्रश्न कोकणात मे महिन्यात घराघरात विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा "सापळे बोगस होते" असं मिळतं. मला वाटतं सापळे बोगस नव्हते. सापळा त्याला नेमून दिलेलं काम करत होता, फक्त ते काम एका बागेपुरतं करून काही उपयोग नसतो हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नाहीये. मी तर पुढे जाऊन म्हणतो की एकेका शेतकऱ्याला दहा-दहा सापळे वाटायचे, फोटो काढायचे आणि यादी वर पाठवायची ही जी पद्धत पडलीय ती बंद करावी आणि तोच पैसा गावाला द्यावा, गावाने एकाच आठवड्यात सगळीकडे, बंद घरांच्या परसातसुद्धा, सापळे टांगले आणि गळ (झाडाखाली पडलेली फळं) उचलला तरच. नाहीतर देऊच नये. कडक वाटेल, पण का ते सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. आंबा कापल्यावर आत पांढरट, कापसासारखा, आंबूस भाग निघाला तर तो साका, त्याचा माशीशी काही संबंध नाही, त्याबद्दल सापळ्याला शिव्या घालू नका. अळी दिसली, आतला गर पाणचट झाला, सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसला तर ती फळमाशी. आमच्याकडे दोन्हीला "आंबो खराब निघालो" एवढंच म्हणतात आणि मग उपाय कशावर करायचा तेच कळत नाही.

तर माशीची गोष्ट अशी, की फळाला भोक पाडते ती मादी. आंबा पाडाला आला, साल जरा नरम पडली की ती सालीखाली अंडी घालते, दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, गर खात वाढतात, फळ गळून पडतं, अळी त्यातून बाहेर येऊन (अक्षरशः उडी मारून येते, बघायला गंमत वाटते) मातीत दोन-चार सेंटिमीटर खाली जाऊन कोष करते आणि उन्हाळ्यात अंड्यापासून साधारण तीन आठवड्यांत नवी माशी तयार. एक मादी आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. आणि सापळ्यात येतो तो नर. फक्त नर. दादाच्या त्या डब्यातला दोन बोटांचा थर होता तो सगळा नरांचाच, त्यातल्या एकानेही कधी आंब्याला डंख मारला नव्हता आणि मारणारही नव्हता.

नरच का येतो, तर आत मिथाईल युजेनॉल असतं. लवंगेच्या वासाच्या नात्यातलं द्रव्य आहे, आपल्या तुळशीतही असतं, म्हणून तुळशीची पानं चुरगळून ठेवली तरी ह्या माश्या येऊन बसतात. नर ते चाटतो, पोटात घेतो आणि त्यापासून मादीला बोलवायचा स्वतःचा गंध तयार करतो, ज्या नराने ते खाल्लंय त्याला मादी जास्त भाव देते असं प्रयोगांत दिसलंय. थोडक्यात लग्नाळू पोरांसाठी अत्तराचा फाया ठेवायचा आणि फायाला विष लावायचं. प्लायवूडचा ठोकळा अल्कोहोल, मिथाईल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन ह्या कीटकनाशकाच्या 6:4:1 मिश्रणात दोन-तीन दिवस भिजवून टांगायची रीत आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून सांगितली जाते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा तर कोकणात सगळ्यांना माहीत आहे. वस्तू चांगली आहे, लांबून नर खेचते आणि झाडावर फवारा नसल्यामुळे फळावर औषधाचा अंश राहायचा प्रश्नच येत नाही. ह्या बाबतीत तिच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही हे मी मान्य करूनच पुढे बोलतोय.

आता अडचण कुठे आहे. गावाला वळू एकच असतो. शंभर गाई असल्या तरी गावाने कधी पन्नास वळू पाळलेत का? माशीचं पण तेच आहे, एक नर एकाहून जास्त माद्यांना पुरतो. समजा बागेत शंभर नर होते आणि सापळ्याने सत्तर मारले, आपण म्हणतो वा सत्तर टक्के यश, पण उरलेले तीस पुढच्या काही दिवसांत सगळ्या माद्यांना पुरून उरतात आणि अंड्यांचा आकडा होता तिथेच राहतो. नव्वद मारले तरी फार फरक नाही. शंभरातले नव्याण्णव किंवा त्याहून जास्त गेले, तेही मादीला भेटायच्या आधी गेले, तरच माद्या रिकाम्या राहतात आणि त्यांची घातलेली अंडी फुकट जातात. हे तंत्रच तसं आहे, ते अर्धवट चालत नाही. फवारणीत निम्मी कीड मेली तर निम्मं नुकसान वाचेल अशी आशा तरी असते, इथे निम्मे नर मेले तर जवळजवळ शून्य वाचतं, आणि डब्यातला ढीग बघून आपल्याला मात्र वाटतं की आपण जिंकतोय.

शिवाय बाहेरून येणारी मादी. ती शेजारच्या रानातून आधीच नर भेटवून आलेली असते, तिला तुमच्या सापळ्याचं काही देणंघेणं नाही, ती सरळ आंब्यावर जाऊन बसते. एक एकराची बाग म्हणजे किती, चौसष्ट मीटर बाय चौसष्ट मीटर, त्यातलं अगदी मधलं झाड घेतलं तरी गडग्यापासून (बागेच्या दगडी कुंपणापासून) तीस-बत्तीस मीटरवर. एक एकराची बाग म्हणजे नुसता गडगाच म्हणायचा, तिला "आत" असं काही नसतंच. उलट दोन किलोमीटर लांब-रुंद अख्ख्या गावात एकदम काम केलं तर मधल्या बागा कडेपासून किलोमीटरभर आत राहतात, बाहेरच्या माशीला तिथवर यायला बरंच काही ओलांडावं लागतं. औषध तेच आणि डबेही तेच, फरक फक्त एकत्र लावले की सुटे सुटे लावले एवढाच. "माझ्या सापळ्याने शेजाऱ्याच्या माश्या माझ्याकडे ओढल्या" अशी तक्रार जी नेहमी ऐकू येते ती ह्याच हिशेबातून येते, तुम्ही एकटे असाल तर त्यात तथ्य आहे, तुम्ही आजूबाजूचे नर गोळा करताय आणि माद्या आहेत तिथेच आहेत.

ह्या तंत्राला इंग्रजीत जे नाव आहे (मेल ॲनिहिलेशन) त्याचं सरळ मराठी केलं तर नरसंहार होतं, म्हणून कृषी खात्याच्या पत्रकात ते कुणी लिहीत नाही बहुधा. पण त्याचा जन्म मात्र आपल्याकडचा आहे आणि ही गोष्ट मला फार आवडते. बिहारमधल्या पुसाला इंग्रजांच्या काळात शेतीची मोठी संशोधन संस्था होती (दिल्लीचं पुसा हे त्याच नावाने नंतर आलं), तिथे हॉवलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ होता. त्याच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेलाचं तेल लावलं, आणि डासांचं काय झालं माहीत नाही पण फळमाश्या झुंडीने येऊन त्याला त्रास द्यायला लागल्या. हॉवलेटने बघितलं तर सगळे नर. 1912 मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं आणि 1915 पर्यंत त्या तेलातलं नेमकं कुठलं द्रव्य नरांना खेचतं ते, म्हणजे मिथाईल युजेनॉल, शोधून काढलं. म्हणजे 1915 पासून आपल्याच मातीत ही किल्ली तयार होती.

ती वापरली कुणी, तर 1960 च्या दशकात अमेरिकन लोकांनी प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या बेटावर. जेमतेम 85 चौरस किलोमीटरचं बेट, मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले फायबरबोर्डचे चौकोनी तुकडे विमानातून अख्ख्या बेटावर पुन्हा पुन्हा टाकले आणि आपल्याच आंब्यातली ही माशी तिथून नामशेष झाली. झाडं कुणाची, जमीन कुणाची, मालक घरात आहे की नाही, विमानाने काही विचारलं नाही. मग जपानने दक्षिणेकडच्या बेटांवर, आमामीपासून ओकिनावापर्यंत, 1968 मध्ये सुरुवात करून एकेक बेट साफ करत 1986 मध्ये ही माशी देशातून हद्दपार केली. अठरा वर्षं! एका माशीसाठी सरकारं बदलली तरी कार्यक्रम चालू राहिला. आणि गंमत अशी की नुसत्या सापळ्याने सगळं होत नाही हेही त्यांनीच दाखवलं. कारली-दोडका-काकडीवरची माशी वेगळी, तिच्या नराला मिथाईल युजेनॉल चालत नाही, त्याला क्यू ल्युर नावाचा वेगळा ल्युर (म्हणजे गंधाचं आमिष) लागतो आणि तो तेवढा जोरदार नाही, म्हणून तिथे जपान्यांनी कारखाना काढून हजारो कोटी वांझ माश्या सोडल्या आणि ती 1993 मध्ये संपवली. आपल्याकडे दुकानात कारल्याला आंब्याचा ल्युर आणि आंब्याला कारल्याचा ल्युर खपवलेला मी डोळ्यांनी बघितलाय, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता ह्या जपानने स्वतःची माशी संपवल्यावर काय केलं, तर दुसऱ्याची माशी येऊ नये म्हणून दरवाजा लावला. 1986 च्याच सुमारास आपला आंबा तिथे बंद झाला तो 2006 मध्ये, गरम वाफेची प्रक्रिया करून पाठवायच्या अटीवर परत सुरू झाला. वीस वर्षं. किल्ली आपल्याकडे सापडली, कुलूप त्यांनी उघडलं आणि दाराबाहेर आपण उभे. पुढे युरोपने तेच केलं, 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून 1 मे 2014 पासून हापूससकट सगळा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानं बंद. ऐन हंगामात. तेव्हा वाशीत काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, पण का उठली, तर आपण पॅकहाऊस नीट केली, 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर आंबा बुडवायची सोय केली, तपासणी कडक केली. अमेरिकेला 2007 पासून जातो तो लासलगावसारख्या ठिकाणी विकिरण करून. हे सगळं बरोबरच आहे, करायलाच हवं होतं, पण त्यात एक मेख आहे जी कुणी बोलत नाही. हे सगळे उपाय आंबा तोडल्यानंतरचे आहेत. बागेतली माशी होती तशीच आहे, फक्त परदेशात जाणाऱ्या थोड्याशा आंब्यातली अळी आपण मारतो आणि राहिलेला, म्हणजे जवळजवळ सगळाच, आंबा मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला अळीसकट जातो. तो बिचारा कापल्यावर शिव्या घालतो आणि पुढच्या वर्षी कर्नाटकचा घेतो, त्यात काय वेगळं निघतं असंही नाही म्हणा.

इथे मला हमखास ऐकवलं जातं की अहो ती बेटं होती, चारी बाजूंनी समुद्र, आपल्याला एकाच बाजूला समुद्र आहे, पूर्वेला अख्खा देश आहे, माशी संपणार कशी. बरोबर. मी संपवायचं म्हणतच नाहीये. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ 1995 मध्ये हीच माशी शिरली (तेव्हा तिला पपईची माशी म्हणायचे, नंतर कळलं की जातच एक आहे) आणि काही वर्षांत सापळे आणि प्रथिनाचं आमिष दोन्ही वापरून त्यांनी ती काढली. बेट नव्हतं, पण माशी नवी होती आणि पसरायच्या आधी धरली. आपल्याकडे ती घरचीच आहे, जाणार नाही. पण "नामशेष" आणि "दर पाचवा आंबा खराब" ह्यांच्या मध्ये भरपूर जागा आहे, आणि त्या जागेत कोकणातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न बसलेलं आहे. गाव एकत्र आलं तर पाचातला एक शंभरातल्या तीन-चारवर यावा एवढीच माझी मागणी आहे. उलट समुद्र नाही म्हणूनच गाव हवं, बेटाला निसर्गाने दिलेली कड आपल्याला माणसांनी तयार करावी लागणार.

आणि खरी अडचण समुद्राची नाहीच, बंद घरांची आहे. आमच्या वाडीत एक्केचाळीस घरं, त्यातली सतरा वर्षभर बंद. मालक मुंबईला, काही पुण्याला, एक कुटुंब दुबईला. घराच्या मागे दोन रायवळ, एक पेरू, एक चिकू, कुठे जाम. शिमग्याला येतात, गणपतीला येतात, मे महिन्यात चार दिवस येऊन फणस-आंबे खाऊन जातात आणि बाकीचं झाडाखाली पडून कुजतं. ती झाडं म्हणजे माशीचं बाळंतपणाचं घर. हापूस संपला की रायवळ, रायवळ संपला की पावसाळी पेरू, मग पुढे काही ना काही, साखळी तुटतच नाही आणि पुढच्या वर्षी पाड लागायच्या वेळी माशी हजर. मी हे लोकांना उपदेश म्हणून सांगत नाहीये, दोन वर्षांपूर्वी दादाने वैतागून मला फोनवर सुनावलं होतं की "तुझ्या बापाने लावलेल्या पेरूखाली येऊन बघ एकदा". गेलो तेव्हा बघितलं, पेरूखाली चप्पल ठेवायला जागा नव्हती, पिवळा सडा आणि प्रत्येक फळात अळ्या. माझ्या बंद घरातून माझ्याच भावाच्या बागेला माशीचा पुरवठा होत होता आणि मी पुण्यात बसून त्याला कुठल्या कंपनीचा ल्युर चांगला ते इंटरनेटवर बघून सांगत होतो.

त्याहून अवघड म्हणजे सामाईक जमीन. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, झाड मधोमध, एकाने आंबे काढले तर दुसरा भांडायला येतो म्हणून कुणीच काढत नाही. अशी दहा-पंधरा झाडं प्रत्येक गावात असतात आणि कुठल्याही अनुदानाच्या अर्जात ती येत नाहीत कारण अर्ज करायला मालक लागतो. माशीला सातबारा लागत नाही. इथेच वैयक्तिक वाटपाची पद्धत मुळात कुचकामी ठरते, कितीही प्रामाणिकपणे वाटप झालं तरी, कारण ज्याला बाग सांभाळायची आहे त्यालाच सापळा मिळतो आणि जिथून माशी येते तिथे कधीच पोचत नाही.

मग काय, सरकारने लोकांच्या परसात घुसावं का? कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्स शहरात 2024 च्या जानेवारीत तेच झालं, हीच माशी सापडली म्हणून दोन हजारांवर घरांच्या परसातल्या झाडांवरची फळं सरकारी माणसांनी उतरवून नेली. संत्री-लिंबं सगळी. तिथे लोक चिडले, पण झालं. आपल्याकडे असं कुणी करायला गेलं तर पहिल्याच दिवशी वाडीवर राडा होईल आणि मला स्वतःलाही ते नको आहे, आज माशीसाठी कुंपण ओलांडू दिलं तर उद्या कशासाठी ओलांडतील सांगता येत नाही. पण "माझं झाड, माझी मर्जी, माझ्या अळ्या तुझ्या बागेत" हेसुद्धा मला मान्य नाही. गुरं मोकाट सोडली आणि दुसऱ्याच्या पिकात गेली तर कोंडवाडा असतो की नाही गावाला? पूर्वी तरी होता. त्यावर कुणी म्हणत नसे की माझी गुरं, माझी मर्जी.

म्हणून मधला रस्ता गावाचाच. ग्रामपंचायत, सोसायटी, बचतगट, शेतकऱ्यांची कंपनी, जे कुठलं मंडळ त्या गावात जिवंत असेल त्याने फेब्रुवारी ते जून ह्या पाच महिन्यांसाठी दोन-तीन माणसं पगारावर ठेवायची. त्यांचं काम एवढंच, की ठरलेल्या अंतरावर सगळीकडे, मालक असो नसो, सापळे टांगायचे, सावलीत, हात पोचेल एवढ्या उंचीवर, दीड-दोन महिन्यांनी ल्युर बदलायचा (एकदा टांगलेला सापळा तीन हंगाम तसाच लटकतोय आणि आत कोळ्याने घर केलंय हे दृश्य प्रत्येक बागेत आहे), आणि आठवड्यातून दोनदा खाली पडलेली फळं गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरायची किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात टाकायची. हा गळ उचलणं मला सापळ्याइतकंच, खरं तर काकणभर जास्तच, महत्त्वाचं वाटतं, कारण सापळा फक्त नर मारतो आणि सडक्या फळातली अळी नर-मादी दोन्ही असते. पण गळ उचलण्याचा फोटो चांगला येत नाही आणि त्यावर कुठली कंपनी माल विकू शकत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही असा मला दाट संशय आहे.

खर्चाचं विचाराल तर आज सापळे वाटायला जो पैसा येतो तो एकत्र करून गावाला द्या, वर बागायतदारांनी पेटीमागे दोन-चार रुपये घालावेत, एका पेटीतला एक खराब आंबा वाचला तरी ते वसूल आहेत. आणि पैसे देताना मोजायचं काय हे फार नीट ठरवायला हवं. सापळे किती वाटले हे मोजू नका, माश्या किती मेल्या हे तर अजिबात मोजू नका, तो आकडा जितका मोठा तितकं गाव आजारी. मे महिन्यात गावातल्या वेगवेगळ्या बागांतून शंभर-दोनशे आंबे घ्या, अढीत पिकवा, लोकांसमोर कापा, किती आंब्यांत अळी निघाली ते फळ्यावर लिहा. तेवढ्यावर पुढच्या वर्षीचे पैसे. शाळेतली पोरंसुद्धा करतील हे काम, आणि कापलेले चांगले आंबे खातील. डब्यातल्या माश्यांचा उपयोग आहे तो अंदाज घ्यायला, ह्या आठवड्यात अचानक वाढल्या की समजायचं चौदा आणे तयार झालेला माल आता झाडावर ठेवायचा नाही, काढून घ्यायचा. वळवाचा एक पाऊस झाला की हा आकडा कसा उसळतो ते ज्याने रोज डबा बघितलाय त्याला विचारा.

"गाव एकत्र येत नाही हो" हा शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात कमी पटतो. मालवण तालुक्यातलं आचरा गाव गावपळणीला देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. अख्खं गाव! आमच्याकडे शिमग्याला पालखी एकही घर वगळत नाही, बंद घराचा मालकसुद्धा त्या दिवशी मुंबईहून रात्रीची गाडी पकडून येऊन दार उघडतो, कारण पालखी आली आणि घर बंद असलं तर लोक काय म्हणतील. आणि शिमगा येतो कधी, फाल्गुनात, म्हणजे मार्चच्या आसपास, नेमका सापळे लागायला हवेत तेव्हा. एकत्र यायची सवय आपल्याला आहे, फक्त ती आपण देवाच्या आणि नाटकाच्या कामाला ठेवलीय, शेतीचं काम म्हटलं की प्रत्येकाचा गडगा वेगळा.

एक सावधगिरी मात्र, कारण गावभर काम म्हटलं की कुणीतरी पोरगा उघड्या हाताने ल्युर भिजवायला बसणार. मिथाईल युजेनॉल तुळशीत आहे म्हणून ते निरुपद्रवी असं समजू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये त्याला माणसात कर्करोग होण्याची बहुधा शक्यता असलेल्या गटात टाकलंय. सापळ्यात बंद राहतं तोवर काळजी नाही, पण हाताळताना हातमोजे हवेत, घरात साठवायचं नाही, आणि मॅलॅथिऑन तर विषच आहे. (आणि नाही, अंगणातली तुळस उपटायची गरज नाही, मला हा प्रश्न खरंच विचारला गेलाय.)

यंदा शिमग्याला मी वाडीच्या बैठकीत हे सगळं मांडलं, एवढं लांबण न लावता. माना डोलल्या. मग बंद घरवाल्यांचा वॉट्सॲप ग्रुप काढला आणि प्रत्येकाला एकच विचारलं, तुमच्या परसात एक सापळा टांगू का आणि खाली पडलेलं उचलू का. सतरातले अकरा जण लगेच हो म्हणाले, दोघांनी निळी खूण दाखवून उत्तरच दिलं नाही, तिघांनी "भावाला विचारून सांगतो" म्हटलं आणि त्यांचा भाऊ म्हणजे कोण ते अख्ख्या वाडीला माहीत असल्यामुळे तो विषय तिथेच राहिला. राहिलेल्या एकाने दुबईहून लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला, की सापळा बिनधास्त लावा, गळ उचला, गेटची किल्ली पाटल्यावरच्या वहिनींकडे आहे, फक्त झाडावरचे जे चांगले आंबे असतील ते आईकडे पोचवा आणि कुणी काढून खाल्ले तर त्याला कळतं, त्याने कॅमेरा बसवलाय.